स्वच्छ कापसाची वेचाई

हंगामात वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. ग्रेडर गाडीत हात खुपसून मूठभर कापूस बाहेर काढतो, पत्ती बघतो, ओलावा बघतो. ओलाव्याला मोजमाप आहे. सरकारी खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देतं, पुढे कपात, 12 च्या वर खरेदी नाही. पण एक घाण त्या मुठीत सहसा सापडत नाही. ती म्हणजे खताच्या रिकाम्या प्लास्टिक चुंगड्यांचे धागे.

कापूस त्याच चुंगड्यांत भरला जातो. जिनिंगमध्ये हे धागे तुटून रुईत मिसळतात, गिरणीत त्यांचे आणखी बारीक तुकडे होऊन सुतात कातले जातात. हे प्लास्टिक रंग धरत नाही. म्हणून दोष उघडा पडतो तो कापड रंगवल्यावर, वर्ध्याच्या शिवारापासून शेकडो कोस दूर. आणि ठपका येतो वेचणाऱ्या बाईवर.

मला हा ठपका मुळीच मान्य नाही. स्वच्छ वेचण्याचा मोबदलाच तिला मिळत नाही; तिची वेचाई किलोवर ठरते. दवात भिजलेला कापूस जड भरतो, पत्तीसकट ओढला की ओटी लवकर भरते. दव उडेपर्यंत ती थांबली, किडकी कवडी वेगळी काढत बसली, तर संध्याकाळी काट्यावर तिच्याच मालाचं वजन घटतं. म्हणजे नीट काम केल्याचा दंड तिलाच! शेतकऱ्याचंही तेच. त्याने कितीही निगुतीने माल ठेवला तरी खेडा खरेदीत बहुतेकदा सरसकट भाव.

काम आणि त्याचं फळ एकाच हाती ठेवण्याचा विचार याच वर्ध्यात झाला होता. 1937 मध्ये इथल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवण्याची पद्धत, उभी राहिली. तिथे मुलांनी नुसतं सूत कातायचं नव्हतं. कापूस साफ करणं, सरकी काढणं, पिंजणं, पेळू वळणं हेही शिकायचं होतं. कचरा राहू दिला, तर धागा त्याच हातात तुटायचा. आज कचरा एकाच्या हातून राहतो, नुकसान भलत्याच्या पदरी पडतं, आणि मधल्या कोणालाच ते दिसत नाही.

हे अंतर आता मिटणार नाही. पण पैसा ते ओलांडू शकतो. डाग नसलेलं कापड आपल्याला हवं असेल, तर त्याची किंमत गिरणीकडून जिनिंगला, जिनिंगकडून शेतकऱ्याला आणि त्याच्याकडून वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचली पाहिजे. येत्या वेचणीआधी जिनिंगवाल्यांनी प्लास्टिक चुंगड्यांऐवजी कापूस भरायला गावोगाव सुती चादरी द्याव्यात, स्वच्छ मालाला वेगळा भाव आधीच जाहीर करावा, आणि त्यातला बाईचा वाटा वेचाईच्या दरात त्याच दिवशी धरावा.