आडसाली

दादाच्या मांडीतली गाठ दुखत नव्हती, म्हणून वर्षभर तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. लिंबाएवढी होती ती पेरूएवढी झाली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी हाताने चाचपून ‘चरबीची आहे’ म्हणून सांगितलं, जागा बधिर केली आणि अर्ध्या तासात गाठ काढून मोकळे झाले. आधी ना एमआरआय, ना सुईने तुकडा काढून तपासणी. गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून माझ्याच हातात दिली आणि ती मांडीवर धरून मी एसटीने जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोचवली. रिपोर्ट आला, सार्कोमा, ग्रेड ३.

मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये हा शंभरात एखादाच. स्नायू, चरबी, शिरांची आवरणं अशा मऊ भागांत कुठेही उगवतो आणि त्याचे पन्नासाहून जास्त प्रकार आहेत. एखाद्या डॉक्टरच्या उभ्या आयुष्यात तो चार-दोनदाच समोर येत असेल, हे कळल्यावर माझा त्या डॉक्टरांवरचा राग थोडा उतरला. सगळा नाही. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवरची किंवा वाढत जाणारी गाठ, मग ती दुखो न दुखो, तपासल्याशिवाय कापायची नाही, एवढं पाठ असायला काय हरकत होती?

गाठीचे ब्लॉक आणि स्लाइड पिशवीत घालून मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलला गेलो. पहिल्या घाईच्या ऑपरेशनमध्ये आजूबाजूच्या स्नायूंत पेशी राहून गेल्या होत्या. जुन्या व्रणासकट मांडीचा चांगला मोठा भाग पुन्हा काढला, त्यावर रेडिएशनचे ३३ शेक दिले. पाय राहिला. ‘आता दर तीन महिन्यांनी यायचं,’ असं सांगितलं गेलं आणि आमचा ऊस बंद झाला. दादा कोबी, मेथी, फार तर सोयाबीन करू लागला. तीन-साडेतीन महिन्यांच्या पलीकडे रानात काही उभं ठेवायचं नाही, हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

चौदाव्या महिन्यात अंघोळ करताना व्रणाच्या टोकाशी त्याच्या बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. आत्या म्हणाली, “तेव्हाच पाय काढून टाकला असता तर मुळासकट गेलं असतं.” तिच्या तोंडावर मी काही बोललो नाही, पण माझ्याही मनात तेच होतं. तण पुन्हा उगवलं म्हणजे खुरपणी वर-वर झाली, हा आपला शेतकरी हिशोब.

हा हिशोब डॉक्टरांनीही एकेकाळी मांडून पाहिला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांपैकी १६ जणांचा हात किंवा पाय काढला. २७ जणांचा वाचवून शेक दिले. १९८२ साली निकाल छापला. अवयव काढलेल्यांत त्या जागी गाठ एकाचीही परतली नाही, वाचवलेल्यांत चौघांची परतली. पण पाच वर्षांनी जिवंत राहण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८८ टक्के आणि दुसऱ्या गटात ८३ टक्के, म्हणजे एवढ्या थोड्या माणसांत फरक म्हणावा असा फरक नाही. १९९८ मध्ये त्याच संस्थेतून दुसरा निकाल आला: शेक दिल्याने जागेवरची गाठ परतणं खूप कमी होतं, आयुष्य मात्र वाढल्याचं दिसत नाही.

हे मला चार वेळा वाचावं लागलं. गाठ परत येणं आणि माणूस जाणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे घरात कुणाच्या पचनी पडणार? आमचे डोळे मांडीवर, आणि धोका छातीत. पायाकडचं रक्त हृदयातून आधी फुप्फुसांत जातं. तिथल्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात भटक्या पेशी अडकतात. काही जणांत त्या पहिलं ऑपरेशन होण्याआधीच तिथे पोचलेल्या असतात. मग पाय काढून काय काढलं? (पोटाच्या मागच्या भागातल्या सार्कोमाचं गणित निराळं. तिथे जागेवर परतलेली गाठच जीव घेऊ शकते.)

जागेवरची ती गाठ काढली. दादा लंगडू लागला, एवढंच. तिसऱ्या वर्षी उजव्या फुप्फुसात दोन ठिपके दिसले. तेही काढले. दोनच होते आणि काढता येण्याजोगे होते, याला नशीब म्हणायचं, हे तेव्हा शिकलो.

दर खेपेला छातीचा एक्स-रेच, सीटी का नाही, म्हणून मी एकदा टाटात हुज्जत घातली होती. तिथेच हाता-पायाच्या सार्कोमाच्या ५०० रुग्णांवर चाचणी झालेली आहे, असं उत्तर मिळालं. छातीच्या साध्या एक्स-रेवर देखरेख ठेवलेले लोक सीटीवाल्यांपेक्षा जगण्यात मागे पडले नाहीत, आणि जागेवर परतलेल्या बहुतेक गाठी रुग्णांनी स्वतःच हाताने शोधल्या. आमच्या दादासारख्याच. मुंबईला यायचं भाडं मोजणाऱ्या माणसासाठी कुणीतरी असा प्रश्न विचारून ठेवला होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर छाती लागोपाठ दीड वर्ष स्वच्छ निघाली. किती वर्षं जगेन, हे दादाने कधीच विचारलं नव्हतं. जानेवारीतल्या त्या खेपेला त्याने विचारलं, “मॅडम, ऊस लावू का?”

मॅडम कराडकडच्या. त्यांना प्रश्न कळला. फाइल मिटून थोडा वेळ त्या गप्प राहिल्या.

“यंदा सुरू लावा, काका.”

सुरू म्हणजे बारा महिने. बसमध्ये मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो आणि तो खिडकीबाहेर कुणाच्या रानात पाणी चालू आहे ते बघत होता.

सुरूचा ऊस वेळेवर कारखान्याला गेला. तपासणी आता सहा महिन्यांवर आली आहे. गेल्या जुलैत त्याने कुणालाच विचारलं नाही. लावण झाल्यावर वहिनीने फोनवर सांगितलं, दोन एकर आडसाली लावलाय. तो तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. पुढचा एक्स-रे नोव्हेंबरअखेरीस आहे. तोवर मोठी बांधणी उरकायची म्हणून तो आतापासूनच माणसं बघतोय.