दारिद्र्य पूर्वजन्माचे की सातबाऱ्याचे?

"धम्म घेतला, पण दारिद्र्य सुटले नाही. मागल्या जन्मीचे भोग, दुसरे काय!" असे उद्गार आपल्याच घरांतून ऐकू येतात. बंधुभगिनींनो, हे भोग कोठून आले ते करंजा-उरणच्या मातीलाच विचारा.

१९७० साली सिडको स्थापन झाली. पनवेल, उरण व ठाणे तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये रास्त मोबदल्यासाठी लढताना पाच जणांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. लढा न्याय्यच होता. परंतु जमिनीचा मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. पिढ्यान्‌पिढ्या परक्याच्या शेतात राबलेल्या भूमिहीनाचे नाव कोणत्या उताऱ्यावर होते? शेत गेले, त्याबरोबर त्याची मजुरीही गेली. जातीने जमीन नाकारली. विकासाने तोच हिशेब पुढे ओढला.

जपान, तैवान व दक्षिण कोरिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कसणाऱ्यांना जमिनी दिल्या, मुलांना शाळेत घातले. म्हणून कारखानदारी वाढली तेव्हा तिचे फळ पुष्कळांच्या हाती पडले. तेथील कुळांचे पूर्वजन्म का एकाएकी बदलले?

चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात भगवंतांनी हेच सांगितले आहे: निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी व हिंसा आली. ज्याला कारण आहे त्याला उपायही आहे. तेव्हा घरात 'नशीब' हा शब्द निघाला की विचारा: कागदावर नाव कोणाचे आहे, आणि आपले का नाही?