बोट लागली, दोष कोणाचा?

ऊन लागते, ठेच लागते, तशीच मराठीत बोटही लागते. या वाक्यात कर्ता बोट असते, माणूस नव्हे. भाषेने केलेला हा न्याय घरची माणसे मात्र विसरतात.

२०२४ च्या डिसेंबरात नेरूळचे आमच्या परिचयातील एक कुटुंब संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी मुंबईहून जहाजाने गोव्याला गेले. सहलीची सहल, यात्रेची यात्रा! जहाज खुल्या समुद्रात येताच बाईंना उलट्या सुरू झाल्या. यजमानांनी तरुणपणी जहाजावर नोकरी केलेली. “मन घट्ट कर,” असे वारंवार बजावून ते अखेर मुलांसह जेवावयास निघून गेले. परतल्यावर बाईंनी चर्चच्या आवारात, यजमानांच्या समक्षच, आम्हांस विचारले, “फादर, त्या रात्री जपमाळेचा एक मणीही ओढवला नाही. उलट सगळ्यांचा संताप आला. हे पाप झाले का?”

पाप घडावयास जाणीव लागते, संमती लागते, हे आम्ही सेमिनरीत शिकलो. येथे संमती कोणी मागितली? कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, आपण हलत आहोत. बंद खोलीच्या भिंती पाहणारे डोळे सांगतात, सारे स्थिर आहे. दोन्ही साक्षी आपापल्या परीने खऱ्या, आणि त्यांच्या विरोधातून मळमळ उठते. मन घट्ट करून ती थांबत नाही. जहाजाच्या मध्यभागी उघड्या हवेत बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. परंतु ज्याला उठून उभे राहवत नाही, त्याने डेकवर जावे कसे? कोणीतरी हात धरून न्यावे लागते. बाईंचा प्रश्न खरा येथे येऊन ठेपतो, आणि तो एकट्या बाईंचा राहत नाही.

स्वतः संत फ्रान्सिस ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, लिस्बनहून निघाले. दोन महिने आपल्याला बोट लागली होती, असे त्यांनी मोझांबिकहून १५४२ च्या आरंभी पत्रात मोकळेपणी कळविले. त्यांच्या आवेशावर आम्ही पुष्कळ प्रवचने केली, पण या दोन महिन्यांचा उल्लेख एकदाही केला नाही. इतकेच नव्हे, प्रवासापूर्वी बाईंना आम्हीच सांगितले होते, “त्रास झालाच, तर तो प्रभूला अर्पण करा.” कोरड्या जमिनीवर उभे राहून असा उपदेश करणे किती सोपे!

“पाप नव्हे,” आम्ही बाईंना म्हणालो. “राग आला तो आला, आता तो धरून ठेवू नका.” बोलताना आमची नजर यजमानांकडे गेली. ते काही वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “पहिल्या सफरीत मलाही लागली होती, फादर. तीन दिवस. जहाजावरचा म्हातारा स्वयंपाकी मला धरून डेकवर नेऊन बसवायचा.”

लग्नाला तीस वर्षे झाली, तरी बाईंना हे ठाऊक नव्हते.