पहिला जाळ

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या करडीत एका घरी कुरिअरने मोठे खोके आले. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने घरी कोळशावर भाजायची छोटी सिरॅमिकची शेगडी पाठवली होती. आकाराने छोटी, पण ओझे दोन माणसांचे. थर्मोकोल बाजूला केल्यावर जाड भिंतीचे अंडाकृती भांडे दिसले आणि गल्लीतली पोरे गोळा झाली.

कॉलेजात जाणारा नातू जोडणीला बसला. खालचे भांडे पायांवर बसवायचे, त्यात निखाऱ्यांची कुंडी ठेवायची. कुंडीचे भोक बाहेरच्या हवेच्या खिडकीसमोर बरोबर यायला हवे, नाहीतर कोळसा कितीही चांगला असला तरी गुदमरतो. मग राख झडणारी जाळी, त्यावर मातीचे कडे, वर भाजायची जाळी. शेवटी झाकणाचा लोखंडी पट्टा. त्याचा एक बोल्ट करकचून आवळून दुसऱ्याला हात लावला तर पट्टा एकीकडे ओढला जातो आणि जड झाकण तिरके बसते. म्हणून थोडा हा, थोडा तो, असे आलटून पालटून आवळत जायचे. पोराने ते मनापासून केले. बघताना बरे वाटले.

पत्रकात शेवटी लिहिले होते, पहिला विस्तव मंद ठेवा. त्याने ते मोठ्याने वाचले. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “येकदम मोठा जार नोको करू, बाबू. मातीले दम खाऊ दे.”

तिने पत्रक पाहिलेही नव्हते. धानाच्या या मुलखात नवे मडके घरी आले की ते आधी पाण्यात बुडवून ठेवतात, मग मंद आचेवर त्यात पेज उकळतात. पेजेतले पीठ बारीक छिद्रांत जाऊन बसते आणि मडके पाझरायचे थांबते. नवी चूल घातली तर ती सावलीत वाळवतात आणि पहिल्या दिवशी चार काटक्यांवर भागवतात. कुंभारही भट्टीला सुरुवातीचे तास हळूहळूच तापवतो.

यामागचे कारण साधे आहे. मातीच्या छिद्रांत ओलावा दडलेला असतो. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. सावकाश तापवले तर ती निघून जाते, घाई केली तर भिंत फोडून वाट काढते. शिवाय जाड भिंतीचा आतला थर तापून फुगतो, तेव्हा बाहेरचा अजून गारच असतो. या ओढाताणीत तडा जातो. झाकणाच्या काठावरच्या नमद्याच्या पट्टीचा डिंकही पहिल्या मंद उबेतच नीट धरतो.

या शेगडीचे मूळ जपानमधल्या भात शिजवायच्या मातीच्या चुलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती भांडी मायदेशी नेली आणि त्यांत मांस भाजायला सुरुवात केली. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटा शहरात त्यांचे दुकान काढले. त्यातूनच ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीच्या साध्या मातीच्या भांड्यांना तडे जात, म्हणून पुढे अधिक ताप सोसणारे सिरॅमिक आले. भाताच्या चुलीची ही पणती इतका प्रवास करून भाताच्याच जिल्ह्यात उतरली, याचा मला मनापासून आनंद झाला.

पण मन आजीच्या बोलण्यातच अडकले आहे. माती भट्टीत भाजून निघालेली असते, तरी नव्या घरातला पहिला विस्तव तिला नवाच असतो. माणसांच्या बाबतीत आपण हे किती विसरतो! नोकरीवर रुजू झालेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सगळ्या फायली देतो. वसतिगृहात आलेल्या पोराने पहिल्याच चाचणीत नंबर काढावा असे धरून चालतो. तडा गेला की म्हणतो, कच्चेच होते. बहुतेकदा ते कच्चे नसते, आपलाच जाळ मोठा असतो. चार काटक्यांचा तो पहिला दिवस कुणी दिला होता का, हे विचारायला हवे आणि ते जाळ घालणाऱ्याने स्वतःला विचारायला हवे.

त्या संध्याकाळी अंगणात मूठभर कोळशाचा विस्तव झाला. अंगणातच, कारण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. बंद खोलीत तो जीव घेतो. दुसऱ्या दिवशी आच थोडी वाढवली, तिसऱ्या दिवशी भरताची वांगी भाजली. आच कमी-जास्त करायला कोळसा टाकावा-काढावा लागला नाही. खालची खिडकी आणि वरच्या झरोक्याचे झाकण बोटभर सरकवले की पुरे. काम झाल्यावर दोन्ही बंद केली, निखारे विझले. उरलेले कोळसे आजीने राख झटकून डब्यात भरून ठेवले, रविवारच्या स्वयंपाकासाठी.