श्रमाचे अन्न

हात आणि घास यांच्यामध्ये पैसा येऊन उभा राहिला आणि आपण नेमके कुणाच्या बळावर जेवतो, हे आपल्याला दिसेनासे झाले. हैदराबादच्या पश्चिमेला, झहिराबादच्या लाल, कोरडवाहू रानातल्या एका सेंद्रिय शेतावर मी काही काळ राहिलो, तेव्हा तो पडदा थोडा बाजूला सरला. सकाळी खुरपणी, आच्छादनासाठी पालापाचोळा वाहणे. त्याच्या बदल्यात राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण. ज्या ओळीत माझे गुडघे मातीत रुतले होते, तिथलीच भाजी ताटात आली की भुकेलाही एक प्रकारची स्मृती असते असे वाटे.

1971 मध्ये लंडनच्या स्यू कॉपर्ड यांनी शहरी माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतांवर नेण्याची जी कल्पना रुजवली, ती आज जगभर पसरली आहे. आपल्याकडे मात्र इर्जिक होतीच. एखाद्याची मशागत मागे पडली की गावातले शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत, आणि त्याने त्यांना पोटभर जेवू घालावे, एवढाच बोलीचा करार असे. त्या जेवणात मजुरीपेक्षा कृतज्ञता अधिक असावी.

याच वाटेवर मला विनोबा आठवतात. पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग चालला होता. पैशाचा आधार सोडून स्वतःच्या श्रमावर अन्न पिकवावे, हा त्यांचा ध्यास. मार्च 1951 मध्ये ते तिथून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी, आणि संमेलनानंतर तेलंगणातून चालताना 18 एप्रिलला पोचमपल्लीत पोचले. तिथल्या भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे 80 एकर जमीन मागितली. गावचे जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली आणि त्यातून भूदान चळवळ सुरू झाली. ज्याने श्रमाला व्रत म्हणून स्वीकारले होते, त्याच्यासमोर श्रमाखेरीज काहीही नसलेली माणसे उभी होती, ही भेट मला भूदानाच्या आकड्यांहून मोठी वाटते.

कारण कामाच्या बदल्यात अन्न ही गोष्ट या भूमीने शाप म्हणूनही भोगली आहे. निजामाच्या राज्यात देशमुखांच्या वाड्यांवर राबवली जाणारी वेट्टी म्हणजे वेठबिगारी, तिच्याविरुद्ध 1946 मध्ये पेटलेला तेलंगणातला उठाव, आणि 1956 पर्यंत त्याच हैदराबाद राज्याचा भाग असलेल्या मराठवाड्यात उचलीच्या ओझ्याखाली वर्ष घालवणारा सालगडी: खुरपे तेच, भाकरीही तीच. फरक एवढाच की मी उद्या उठून हैदराबादची बस धरू शकत होतो. माझ्या श्रमाला जी प्रसन्नता होती, तिचा पुष्कळसा भाग त्या बसमध्ये होता, हे विसरून श्रमाची स्तोत्रे गाणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच झहिराबादजवळच्या पस्तापूरच्या परिसरातल्या बायकांविषयी मला विलक्षण आदर आहे. 1983 मध्ये सुरू झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या आधाराने दलित स्त्रियांचे संघम उभे राहिले. पडीक जमिनी त्यांनी पुन्हा लागवडीखाली आणल्या, ज्वारी, राळा, तूर एकाच रानात मिसळून पेरली, आणि बियाणे राख व कडुलिंबाच्या पाल्यात घालून स्वतःच्या ताब्यात ठेवले. कामाचे अन्न आणि अन्नावरची सत्ता, दोन्ही एकाच हातात.

बी निवडताना माझ्या शेजारी बसणाऱ्या एका अक्कांनी मला विचारले होते, तुझे रान किती? नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटले. मग इथे शिकलेले पेरणार कुठे, असे त्या खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाल्या, आणि पोचमपल्लीत विनोबांपुढे आलेला प्रश्न या वेळी माझ्याकडे वळला.