शुश्रूषा आणि परकेपण

‘शुश्रूषा’ हा शब्द मराठीत सेवा या अर्थी रूढ आहे. त्याच्या मुळाशी मात्र ‘श्रु’ हा धातू असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा होतो. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवाही करी. त्यातून पुढे सेवा हाच अर्थ प्रधान झाला. रुग्णाच्या संदर्भात तो मूळ अर्थ आजही लोपलेला नाही. ज्याला रुग्णाचे ऐकता येत नाही, त्याला रुग्णाची शुश्रूषाही करता येत नाही.

परिचर्याशास्त्राची चार वर्षांची पदवी नुकतीच मिळवलेली केरळमधील तरुणी मुंबईच्या वा पुण्याच्या एखाद्या रुग्णालयात रुजू होते, तेव्हा या अर्थाची कसोटी लागते. नाडी, रक्तदाब आणि औषधाची मात्रा यांची भाषा सर्वत्र एकच असते. वेदनेची तशी नसते. मराठी रुग्ण नुसते ‘दुखते’ म्हणून थांबत नाही. त्याच्या पोटात कळ येते, जखम ठणकते, पाठीत उसण भरते, छातीत चमक निघते. कळ येते आणि ओसरते. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर उठत राहतो. हा भेद उमगला नाही, तर डॉक्टरपर्यंत पोहोचणारी माहितीच सदोष ठरते. पाठ्यपुस्तकात नसलेले हे शब्द ती रात्रपाळीत, बहुधा रुग्णांच्याच तोंडून शिकते. मुलूख तिला परका असतो, आणि तरीही ऐकण्याचे दायित्व तिच्यावरच येते.

मग तिचे कोणी ऐकावयाचे? या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणते की सेवा हे व्रत आहे आणि व्रतस्थाने मागणी करू नये. दुसरे म्हणते की हा करार आहे. वेतन दिले की समाज ऋणमुक्त झाला. पहिले उत्तर गौरवाच्या आडून वेतन बुडवते. सेवाबंधाच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचे प्रकार अनेक खासगी रुग्णालयांत घडले, ते याच गौरवाच्या छायेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीला, लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेचे वेतन दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे, अशी शिफारस करावी लागली. दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक असले, तरी अपुरे आहे. रात्री तीन वाजता कण्हणाऱ्या माणसाकडे कान देणे कोणत्याही करारात लिहिता येत नाही.

या दोन्ही उत्तरांची मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होते. अरुणा शानभाग या कर्नाटकातील हळदीपूरच्या, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या जाणीव हरपलेल्या अवस्थेत राहिल्या. त्या बोलू शकत नव्हत्या. केवळ आवाजावरून त्यांच्या गरजा परिचारिका ओळखत. ऐकण्याच्या इच्छेचे याहून शुद्ध रूप कल्पिणे कठीण आहे. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्त आणि भाषा यांनी न जोडलेले नाते शुश्रूषेने जोडले, आणि कायद्याने ते मान्य केले.

या कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. त्या हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी अरुणा यांच्यासाठी आणि स्वतःच्या कामाच्या ठिकाणच्या सुधारणांसाठी संप केला होता. व्रत आणि हक्क यांत विरोध आहे, हे गृहीतक येथे कोसळते. ज्यांनी मागणी केली, त्यांच्याच व्यवसायाने चार दशके अंथरुणाशी जागून काढली. समाजाने त्यांची करुणा तेवढी ऐकली. मागणी ऐकण्याची त्याला इच्छा नव्हती.

परप्रांतातून आलेल्या परिचारिकेला रुग्णालय ‘सिस्टर’ म्हणते. नात्याचा हा शब्द उच्चारणे सोपे. नाते मानले तर मात्र ऐकणे उभयपक्षी असावे लागते. ती ‘कळ’ आणि ‘ठणका’ शिकते. तिच्या भाषेत दुखण्याला काय म्हणतात, हे तिला विचारणारा रुग्ण विरळाच. विचारले असते, तर उत्तर समजायला त्याला दुभाष्या लागला नसता. मलयाळममध्येही ‘वेदना’ हाच शब्द आहे.