मुलांच्या तोंडची भाषा

आईवडील घरात कसंही बोलोत, मूल बोलतं मित्रांसारखं. मुंबईतल्या चाळींत कितीतरी गुजराती, तमिळ घरांतली मुलं अस्सल मराठी बोलू लागली ती क्रिकेट खेळता खेळता. मित्रांबरोबर गाणीही येतात. चौघं मिळून ऐकतात, पाठ करतात आणि त्यातला एखादा शब्द, एखादा हेल बोलण्यात मुरतो. मग घरातली मोठी माणसं विचारतात, ‘ही कुठली भाषा?’

असं विचारावंसं वाटलं की मला बीटल्स आठवतात. इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या मुलांचा हा बँड. ती गायची ते रॉक अँड रोल अमेरिकेचं. एल्विस प्रेस्ली, चक बेरी ही त्यांची दैवतं. त्यामुळे 1963च्या पहिल्या आल्बममध्ये ती बऱ्याचदा अमेरिकन ढंगाचे उच्चार करत गायली. पीटर ट्रडगिल या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं त्यांच्या ध्वनिमुद्रिका क्रमानं ऐकून त्यांतला ‘र’ चक्क मोजला. ‘गर्ल’सारख्या शब्दातला ‘र’ अमेरिकेत ठळक उच्चारतात, इंग्लंडात बहुतेक ठिकाणी गाळतात. सुरुवातीच्या गाण्यांत तो वरचेवर ऐकू येतो, 1969च्या ‘ॲबी रोड’ आल्बमपर्यंत फारच विरळ होतो. तोवर ही मुलं आपल्याच गावातल्या पेनी लेनवर गाणं करून मोकळी झाली होती. त्यांना कुणी उच्चार सुधारायला सांगितलं नव्हतं. गाता गाता स्वतःवर भरवसा बसला, तसा उसना उच्चार मागे पडला.

मुंबईतही हेच घडलं. अंधेरीचा रॅपर डिव्हाइन आधी इंग्रजीत रॅप करायचा. पुढे तो गल्लीतल्या हिंदीकडे वळला आणि 2015 मध्ये कुर्ल्याच्या नेझीबरोबर त्यानं ‘मेरे गली में’ केलं. व्याकरणाला ‘मेरी गली’ हवं. पण मुंबईची पोरं ‘मेरे गली’च म्हणतात आणि गाण्यातही तेच राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे पुण्यात शिकायला आलेला खेड्यातला मुलगा वर्गात ‘लई’ गिळतो आणि ‘खूप’ म्हणतो. खोलीवर, गावाकडच्या मित्रांत परतला की पुन्हा मोकळा होतो. 2016 मध्ये ‘सैराट’ हा चित्रपट आला. संगीतकार अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यात ‘याड’ला ‘वेड’ केलं नाही आणि शहरातली मुलंही ‘याड’च गाऊ लागली. गावाकडचं बोलणं लपवण्यासारखं नाही, हे त्या गाण्यानं जितक्या लवकर पटवलं तितकं कुठल्याही भाषणानं पटवलं नसतं.

म्हणून मुलांचं बोलणं ऐकताच ते दुरुस्त करायला धावू नका. आज त्यांच्याजवळ बसून त्यांच्या आवडीचं एक गाणं पूर्ण ऐका. आणि मराठीची काळजी वाटत असेल, तर मराठी बोलणारे मित्र आणि मराठीतली आजची गाणी त्यांना मिळतील एवढं पाहा.